जहांआराखालांचं पोपटी दार

जहांआराखालांना भडक रंगांचं वेड आहे, असं आमची अख्खी आळी समजत होती. महाडच्या बाजारामागे त्यांचं आजेसासऱ्याच्या वेळचं, वर माळा असलेलं घर, आणि त्यात त्या एकट्या. स्वयंपाकघराचं दार पोपटी, पायरी लालभडक, कोनाडे निळे. मी त्यांची सख्खी शेजारीण सुप्रिया, पण गेली दोन वर्षं त्यांच्या तोंडी माझं नाव नव्हतं. "काय गो पिवळे, भाजी काय आज?" म्हणजे त्या दिवशी माझी साडी पिवळी. हौशी बाई, म्हणून आम्ही हसायचो.

यंदा त्यांची लेक माहरुख दुबईहून आली. वीर स्टेशनवरून रिक्षाने घरी पोचली ती रंगांचं कार्ड हातात घेऊनच. गावात पूर येऊन गेल्यापासून भिंतींचे पोपडे निघत होते, नवा रंग द्यायलाच हवा होता. पण भिंती, दारं, पायरी, कोनाडे सगळं एकाच फिकट राखाडीत?

"जुनं घर त्याने मोठं वाटतं, अम्मी. भडक आता कोणी लावत नाय."

"दार तेवढं हिरवं राहू दे गो," खाला म्हणाल्या. लेक हसली. खालांनी पुन्हा विनवलं, मग रंगारी मुश्ताकलाही विनवलं. एरवी लेकीचा शब्द खाली पडू न देणारी बाई एका दारासाठी अडून बसली, याची आळीत चांगलीच गंमत झाली. दार राखाडी झालंच.

काम संपल्यावर माहरुखने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. घर देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू? पलंग, कपाट नव्या जागी गेली होती. फोटोसाठी तिने ड्रेसही भिंतीच्या रंगाचा घातला होता. खाला खीर आणायला उठल्या आणि सरळ भिंतीला जाऊन थडकल्या. मग तळहाताने भिंत चाचपू लागल्या. कोणीतरी हसलं.

"अम्मी, दार बाजूलाच हाय."

हात भलत्याच बाजूला सरकला. पाय पायरीला अडखळला आणि खाला मटकन खाली बसल्या. आता कोणी हसेना.

"कधीपासून?" माहरुखने कसंबसं विचारलं.

"दोन सालं झाली. रंग तेवढे कळतात. सांगितलं असतं तर तू मला दुबईला नेलं असतंस."

दोन वर्षं ही बाई माझ्या साडीशी बोलत होती, आणि रोज उंबऱ्यात बसून गप्पा ठोकणाऱ्या मला पत्ता नव्हता.

"मला इथून हलायचं नाय गो. नेशील का मला?" खाला म्हणाल्या. उत्तर येईना, तशी त्यांनी मान इकडेतिकडे वळवली. "रागावलीस? कुठं उभी हायस तू?"

माहरुख त्यांच्या समोरच होती, हातभर अंतरावर.

तिने खाली बसून आईचा हात आपल्या गालावर ठेवला. मग ती पंगतीत बसलेल्या मुश्ताककडे वळली.

"भाई, उद्या हिरवा आणा. मिळेल तितका भडक."