वकीलसाहेबांची फ्रेंच

खामगावात फ्रेंच शिकवणारा माणूस आहे ही गोष्टच मला इतकी मोठी वाटली होती, की त्याला फ्रेंच येते का हे विचारायचे सुचलेच नाही. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. शिकवणी होती एका वकिलांची. ते पुण्याकडून इथे वकिली करायला आले होते आणि वऱ्हाडात येऊन आपण उपकार केले आहेत अशा थाटात राहायचे. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सातजण त्यांच्यापुढे बसायचो.

त्यांच्याजवळ एक जाडजूड शब्दकोश होता. त्यातली क्रियापदे ते फळ्यावर उतरवत. जाणे, येणे, खाणे, बोलणे. शेवटी कुठे 'एर', कुठे 'इर', कुठे 'र'. आम्ही घोकायचो. बोलणे म्हणजे 'पार्लेर', खाणे म्हणजे 'मांगेर'. चार महिने झाले तरी गाडी 'जाणे'च्या पुढे 'मी जातो'पर्यंत सरकेना. एकदा मी विचारले, "साहेब, मी, तू, तो यांच्याबरोबर रूप बदलत असेल ना?"

"तो बारीकसारीक भाग आहे," ते म्हणाले. "मूळ रूप पक्के झाले की बाकीचे आपोआप येते."

आमच्यातला एक स्टेशनावरचा बाबू एकदा उठताना म्हणाला, "साहेब, मी घरी जाऊन राह्यलो." म्हणजे वऱ्हाडीत, घरी जातो आहे. वकीलसाहेब पोट धरून हसले. "जाऊन राह्यलो! जाऊन कुठे राहणार आहात? आणि 'मले', 'तुले' काय! शब्दाला नीट शेपूट लावता येत नाही तुम्हा लोकांना." आम्हीही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो, कारण माझे शिक्षण नागपूरला झाले होते.

त्या हिवाळ्यात एका जिनिंगवाल्या शेटजींकडे कापूस बघायला फ्रान्सचा एक व्यापारी आला. शेटजींनी दुभाषा म्हणून वकीलसाहेबांना बोलावले. शिष्यांनी बघावे म्हणून त्यांनी आम्हालाही नेले. जिनिंग कारखान्याच्या फाटकात तो फ्रेंच साहेब टांग्यातून उतरला. वकीलसाहेब छाती काढून पुढे झाले आणि धडाधड बोलू लागले. त्यांची फ्रेंच मराठीत सांगायची तर अशी होती: "तुम्ही येणे. तुम्ही बसणे. मी बोलणे. कापूस पाहणे."

साहेबाने आधी कान पुढे केला. मग त्याने अगदी नम्रपणे, मोडक्या इंग्रजीत विनंती केली, की आपण इंग्रजीत बोललात तर बरे होईल. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला, पण तोंड थांबेना. "खाणे? पिणे?" ते विचारतच राहिले.

एवढ्यात टांगेवाल्याने ओरडा केला. घोडा लंगडत होता. कारखान्याच्या बैलांना नाल ठोकायला एक म्हातारा मुसलमान नालबंद तिथेच बसला होता, त्याला सगळे चाचा म्हणत. त्याने घोड्याचा पाय मांडीवर घेतला, खूर निरखला आणि मान वर न करता साहेबाला म्हणाला, "इल फो तिरे ल क्लू."

खिळा काढला पाहिजे, असा त्याचा अर्थ. साहेब जागच्या जागी थबकला, मग धुळीत त्याच्यासमोर उकिडवा बसला, आणि दोघे असे बोलू लागले जसे एकाच गल्लीतले. शेटजींना कळले ते एवढेच, की चाचा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर फ्रान्सला गेला होता आणि घोड्यांच्या दवाखान्यात तीन वर्षे नाल ठोकत होता. कापसाचा सौदाही त्याच्याच तोंडून झाला.

परतताना वकीलसाहेब म्हणाले, "तबेल्यातली फ्रेंच आहे ती. व्याकरणशुद्ध नव्हे." सातातल्या पाचांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या मानांत माझीही होती, हे लिहिताना आजही स्वतःची किळस येते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चाचाकडे गेलो, तेही मागच्या गल्लीने. तो कानशीने नाल घासत होता. मी माझी वही दाखवली.

"चाचा, हे पार्लेर..."

"पार्ले म्हना, मास्तर. तो 'र' लिवाचा असते, बोलाचा नसते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी घरी काय म्हनता? मी जाऊन राह्यलो, तू जाऊन राह्यला, थे जाऊन राह्यले. आता सांगा, बदललं काय?"

"राह्यलो, राह्यला, राह्यले."

"अन् 'जाऊन'?"

"ते तसंच राहिलं."

"हाव. त्याहीचंबी तसंच हाय. मले जायाचं हाय म्हनाचं तं पह्यलं क्रियापद बदलाचं, दुसरं जसंच्या तसं ठेवाचं. झ व्ह आले, यातलं 'आले' म्हंजे जानं. आमाले जायाचं हाय म्हनाचं तं नू वुलों आले. एकटंच असलं तं मंग त्यालेच बदला लागते. तुमच्या वकिलानं ते एकटंच उघडं उभं केलं, म्हनून साहेबाले समजलं नाई."

चार महिन्यांत जे मिळाले नाही ते मला नालांच्या ढिगाशेजारी अर्ध्या घटकेत मिळाले. पुढे वर्षभर मी त्याच्याकडे जात राहिलो, दुसऱ्या महिन्यापासून समोरच्या रस्त्याने.

वकीलसाहेबांनी फ्रेंचचा वर्ग बंद केला. खामगावच्या लोकांची जीभ त्या भाषेला योग्य नाही, असे कारण त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर लिहून लावले, आणि त्याखालीच पुढच्या रविवारपासून जर्मन सुरू होईल असे जाहीर केले. चौघांनी लगेच नावे दिली.