मागितलेली खोट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं हातमागावर बसले, आणि मागावर वेलांटी कुठली ते कुणी विचारत नाही. तेव्हा ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. दिसल्या त्या चुकाही मी खोडल्या नाहीत. चौगुले सरांबद्दल लिहायचं आहे, आणि चूक दिसत असताना हात आवरून बसणं मला त्यांनीच शिकवलं... ते कसं, ते पुढं येईल.

दीपाचा फोन आला तेव्हा मी मागासाठी सकाळच्या कांड्यांवर सूत भरत होते. दीपा सरांच्या हाताखाली शिकलेली, आता हुबळीकडं एका कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "आक्का, सर होदरू." आम्ही बेळगावच्या वडगावची माणसं, कानडी घरातल्यासारखीच. होदरू म्हणजे गेले, हे मला का कळत नाही? पण सर दर पंधरवड्याला सदलग्याला आपल्या शेताकडं जायचे, म्हणून मी सहज विचारलं, "कुठं, सदलग्याला व्हय?" मग तिनं तेच पुन्हा सांगितलं, आणि ह्या वेळी मला कळलं. त्या पोरीला ते दोनदा बोलायला लावलं, ह्याचं अजून वाईट वाटतं. सरांना हे कळलं असतं तर मात्र ते हसले असते. आक्का, मी सदलग्याच्या पुढं गेलो, म्हणाले असते.

सर बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजात होते आणि त्यांची सगळी नोकरी वस्तू मोडण्यात गेली. हे मी म्हणत नाही, तेच सांगायचे. आधी दगड मोडले, मग लोखंड, मग काचेचं कापड. वस्तू कुठून मोडते, किती ओढल्यावर मोडते आणि मोडायच्या आधी काय करते, हे शोधायचं त्यांचं काम. काचेच्या कापडापायी ते आमच्या दारात आले, त्याला आठ वर्षं झाली. गल्लीत यंत्रमाग धडाडत होते, हातमाग फक्त आमचा उरला होता. सरांनी पोत्याच्या पिशवीतून पांढऱ्या धाग्याचं मोठं रीळ काढलं आणि म्हणाले, "हा काचेचा धागा हाय. यंत्रमागावर टिकंना, तुटतोय. तुमच्या हातानं विणून मिळंल काय?"

आमचे मालक, म्हणजे आमच्या घरचे, म्हणाले, "काचंचं काम करायला आमी काय बांगडीवाले हाय काय वो सर?"

"बांगडीवाल्यास्नी इच्यारून आलोय. त्ये म्हणत्यात, विणकरांकडं जावा."

मी मागाच्या पलीकडून बघत होते. परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, पण हात पुढं गेला. धागा रेशमासारखा चमकत होता आणि माशासारखा निसटत होता. अंगाला लागला की खाज सुटायची. मालकांचा लांब बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून मी ते कापड विणायला लागले, आणि गल्लीतल्या बायका मला महिनाभर इन्स्पेक्टर म्हणत होत्या. ह्या कापडाचं काय होतं ते सरांनी आमच्या उंबऱ्यावर बसून समजावलं होतं. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, मधे डिंकासारखी राळ भरायची, ती वाळली की लाकडापेक्षा टणक फळी तयार होते. असल्या फळीची पवनचक्कीची पाती होतात, पाण्याच्या टाक्या होतात, विमानाचे भागही होतात. फळीच्या पट्ट्या कापून सर त्या मशीनमध्ये तुटेपर्यंत ओढायचे.

एकदा त्यांनी आम्हा दोघांना ते मशीन बघायला बोलावलं. त्या दिवशी पट्टीच्या जागी एक दगड दाबायला ठेवला होता. मी कोपऱ्यात उभी होते. दगडातून टिक, टिक असा बारीक आवाज यायला लागला. मालकांना तो ऐकू येत नव्हता. मी न विचारता बोलून गेले, "आता जाईल." दगड गेला. सर माझ्याकडं वळून बघत राहिले. "तुमाला कसं कळ्ळं?" मी खाली बघून सांगितलं की मागावरच्या ताण्याची उभी तार तुटायच्या आधी असंच बोलते, तेवढ्यात हात थांबवला तर वाचते. त्या दिवसापासून त्यांनी मला मंगलाक्का म्हणायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, पण आक्का म्हणे.

मग ती खोटीची ऑर्डर आली. आमच्या धंद्यात खोट म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. साडीत तार तुटलेली दिसली की व्यापारी ती जागा बोटानं दाखवतो आणि मजुरीतून पैसे कापतो. पैशांपेक्षा ते बोट जास्त लागतं. सासूबाई असताना आमच्या मागावरून खोट असलेला कपडा कधी बाहेर गेला नाही. आणि सर म्हणाले, "मंगलाक्का, पाच तुकडे असे पायजेत की बरोबर मधल्या सात तारा कापलेल्या असतील. कापायच्या आणि तशाच सोडायच्या. काठावर शाईनं खूण करा. तुकड्यामागं पाचशे जादा देतो." खोट घालायचे वर पैसे. मालक तर त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले.

मी कापलं. सांगितल्याप्रमाणे सात-सात तारा कापल्या, खूण केली, घडी घातली. आणि ती घडी मला बघवेना. दोन दुपारी बसून पाचही तुकडे सांधले. कापलेल्या तारेच्या शेजारून तसाच धागा घ्यायचा, दोन्हीकडं दोन-दोन बोटं वरखाली करत आत न्यायचा, टोकं दाबून टाकायची. आमची सांधणी डोळ्याला दिसत नाही आणि हाताला लागत नाही, तीच आमची विद्या. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, धंद्यातलं काय कळतंय त्याला, चांगलं कापड मिळालं तर कुणाचं काय बिघडणार आहे. पाच तुकडे दिले आणि अडीच हजार घेतले.

बिघडलं ते दीपाचं. हे तुकडे तिच्या अभ्यासासाठी होते. खोट असली की फळी किती लवकर तुटते, ते तिला लिहायचं होतं, आणि तिच्या पट्ट्या काही लवकर तुटेनात. खोटीच्या आणि बिनखोटीच्या, दोन्ही सारख्याच ओढायला लागायच्या, आणि खुणेवर एकही तुटायची नाही. सरांनी मशीनवर संशय घेतला. पुण्याहून माणूस दोनदा येऊन मशीन तपासून गेला. मग राळेवर संशय. मग दीपाच्या हातावर. तीन महिने गेले. तिचे वडील चिकोडीहून फोन करून म्हणायला लागले, शिकलीस तेवढं पुरे, आता घरी ये. हे सगळं सर आमच्या घरी चहा पिता पिता मालकांना सांगायचे. "पोरगी हुशार हाय. महिनाभरात काय निघालं न्हाय तर जाईल वो ती." मी आत चहा गाळत ऐकायचे. संशय सगळ्यांवर घेऊन झाला होता, माझ्यावर कुणी घेत नव्हतं.

बोलायचं मनात आणून मी चार वेळा बाहेर आले आणि चार वेळा बशी उचलून आत गेले. पाचव्या वेळी सर चप्पल घालत होते. मी काचेच्या कापडाचा उरलेला तुकडा घेतला, त्यांच्यासमोर सात तारा कात्रीनं कापल्या, सुई घेतली आणि सांधायला बसले. एक चप्पल पायात, एक बाहेर, असे सर बघत उभे राहिले. सातवी तार झाली. मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, उलटा केला, बोट फिरवलं.

"पाचीच्या पाची?"

मी मान हलवली.

सर उंबऱ्यावर खाली बसले आणि हसायला लागले. इतके हसले की मालक पाणी घेऊन धावले. "तीन म्हयने," ते म्हणायचे आणि परत हसायचे, "तीन म्हयने मी मशीनला शिव्या घालतोय. मशीन खरं बोलत हुतं की वो."

दीपा हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, माझ्यासमोर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला कानडीत म्हणाली, आक्का, एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं. पण सरांनी तिला रडत फार वेळ बसू दिलं नाही. म्हणाले, खोट घातल्यावर काय होतं हे जगाला माहीत आहे, सांधल्यावर काय होतं ते बघ. आता अर्ध्या तुकड्यांत खोट तशीच ठेवायची आणि अर्धे मी सांधायचे. दीपा माझ्याजवळ पंधरा दिवस सांधणी शिकली. तिला मालकांचा दुसरा शर्ट दिला, मग गल्लीत दोन इन्स्पेक्टर झाले.

माझं काम तिच्यापेक्षा अवघड होतं. मला अर्धे तुकडे तसेच सोडायचे होते. सर ते तुकडे न्यायला आले की भिंग लावून बघायचे आणि विचारायचे, "खरंच खोट हाय न्हवं आक्का? लेकराची शपथ?" मी म्हणायचे, हाय सर. मला ते खोटं बोलल्यासारखंच वाटायचं. पट्ट्या ओढल्या तेव्हा मी तिथं होते. पट्टी तुटायच्या आधी जिथं तुटणार तिथं पांढरी पडते. खोटीची पट्टी खुणेवर पांढरी पडली आणि लवकरच गेली. सांधलेली पट्टी बराच वेळ थांबली आणि गेली तीही सांध्याच्या शेजारी, सांध्यावर नाही. दीपानं टाळी वाजवली नाही की काही नाही, फक्त माझा हात धरला. तिचं जाड पुस्तक झालं, त्यात सांधताना माझ्या हाताचा फोटो आहे. तोंडाचा नको म्हणून मीच सांगितलं होतं.

राहिले ते अडीच हजार. खोटीचे जादा पैसे मी घेतले होते आणि खोट दिली नव्हती. खोट असलेला माल चांगला म्हणून विकणं जसं, तसंच हेही. मी पाकिटात दोन हजाराची एक आणि पाचशेची एक नोट घालून सरांना द्यायला गेले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पैसे घेतले तर तुमची सांधणी फुकट केल्यागत हुईल." मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून पळून आले. आठ दिवसांनी ते आमच्या साखरेच्या डब्यात सापडलं, पाकिटावर पेनानं एक रेघ मारलेली. सर चहाला येऊन गेले होते... मग मी ते हळदी-कुंकवाला शैलाक्काच्या ओटीत तांदळाखाली घातलं. शैलाक्का म्हणजे सरांच्या पत्नी. तेव्हापासून ते चालूच राहिलं. कधी ते कांड्यांच्या पेटीत निघायचं, कधी सरांच्या छत्रीत. आमच्या घरी परत आलं की त्यावर सरांची एक रेघ वाढलेली असायची. सर रिटायर झाले तरी थांबले नाहीत. दोन हजाराची नोट बंद होणार म्हणाले तेव्हा पाकीट त्यांच्याकडं होतं. बँकेच्या रांगेत स्वतः उभं राहून त्यांनी नोट बदलली आणि पाचशेच्या पाच नोटा करून माझ्या दारामागच्या पिशवीत सोडल्या. मालक म्हणायचे, "एवढ्या वेळात बँकेत ठेवले असते तर व्याज आलं असतं."

सर शेवटचे आले ते सदलग्याहून परतताना. काकवीची बाटली आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चहा प्याले, मागाचा आवाज ऐकत बसले, म्हणाले, "एक तार कुरकुरतीया आक्का, डावीकडची." मी बघितलं तर खरंच कुरकुरत होती. त्यांचा कान माझ्यासारखा झाला होता. ते गेल्यावर कागद सोडला तर आत पाकीट, सतरावी रेघ मारलेली. मी मनाशी ठरवलं, दीपा दिवाळीला येईल तेव्हा तिच्या हातून पाठवायचं, तिच्यावर त्यांचा संशय जाणार नाही. तेवढ्यात तिचा फोन आला.

तेराव्यानंतर मी शैलाक्काकडं गेले. सरांच्या खोलीत टेबल तसंच होतं, वर दगडांचे तुकडे, आणि सांध्याशेजारी तुटलेली ती पट्टी, दोन्ही तुकडे जोडून ठेवल्यासारखे. मी पाकीट पुढं केलं. शैलाक्कांना हसू आलं, मग डोळे पुसले.

"ठेव गं तुझ्याजवळ. ह्यांनी घ्यायचे असते तर कवाच घेतले असते. घेतले असते तर तुमच्याकडचा चहा बंद झाला असता न्हवं?"

"न्हाय शैलाक्का. ह्या वेळी घ्यायलाच पायजे तुमी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाकीट घेतलं. पाचही नोटा काढून एकेक मोजल्या, परत आत घातल्या, आणि सरांचाच पेन घेऊन सतरा रेघांवरून एक आडवी रेघ ओढली. "फिटले," म्हणाल्या.

त्याला आज बावीस दिवस झाले. साखरेचा डबा मी रोज उघडते, चहाला उघडावाच लागतो. कांड्यांची पेटी, दारामागची पिशवी, काकवीच्या बाटलीखाली, सगळीकडं आपोआप हात जातो. पाकीट कुठंच नाही. पैसे पूर्ण फिटले. ह्या वेळी ते परत आले नाहीत.