शुक्रावरच्या खड्ड्यांचे सुभेदार

पलूसचे सुभेदार नाथाजी मोहिते यांनी उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या नकाशा खात्यात काढली. विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली धरायचे आणि ओढा कुठला, पायवाट कुठली, ते सांगायचं. पेन्शनीत आल्यावर बघायला उरलं काय, तर दारापुढचं गटार. त्याचाही नकाशा त्यांनी काढून ठेवला होता. मागितला कोणी नव्हता.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सांगलीच्या कॉलेजातल्या ऋचा मॅडम कागदांची गुंडाळी काखेत घेऊन एसटीने पलूसला सुभेदारांकडे आल्या. शुक्राभोवती अमेरिकेचं यान फिरत होतं. तिथे कायमचं आभाळ भरलेलं, म्हणून यानाने रडारचा झोत टाकून जमिनीचे फोटो काढले होते. त्यांतले उल्का आदळून झालेले खड्डे हुडकायचे, रुंदी मोजायची, यादी करायची, हे मॅडमचं संशोधन. कॉलेजची पोरं दुसऱ्याच कागदाला जांभया द्यायची. सुभेदारांना जांभई यायची फक्त कीर्तनात.

"गावातल्या रस्त्याचे खड्डे सरले व्हय?" सुभेदारांच्या पत्नी राहीबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"ते मोजायला मानूस लागत न्हाई. पाठीच्या कन्याला कळत्यात," सुभेदार म्हणाले.

जाता जाता मॅडमनी एक गोष्ट सांगितली. शुक्रावर नावं बायकांची. डोंगर-टेकड्यांना देवींची, लहान खड्ड्यांना साध्यासुध्या बायकांची. ठरवणारे लोक परदेशातले. पण नोंद नसलेला एखादा चांगला खड्डा सापडला, तर नाव सुचवून बघता येईल. "नुसतं नाव हं काका. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही."

सुभेदारांच्या डोक्यात हे रुतून बसलं. शेताच्या सातबाऱ्यावर वडील होते, घराच्या उताऱ्यावर ते स्वतः, रेशनकार्डावरही पहिले तेच. ते लडाखला बर्फात होते तेव्हा ऊस राहीबाईंनी काढला, विहीर राहीबाईंनी खोदून घेतली, आणि विहिरीच्या दगडावर नाव लागलं सुभेदारांचं. नुसतं 'राही' असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. बोललेलंही नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे सगळा संसार 'अगं'वर निभावला.

महिनाभर ते भिंगातून हटले नाहीत. फौजी शिस्त कडक: नकाशा वाचण्याआधी होकायंत्र ठेवायचं आणि कागदाची उत्तर जमिनीच्या उत्तरेला लावायची. टेबल भिंतीला, भिंत दक्षिणेला, खुर्चीची पाठ स्वयंपाकघराकडे. कागदाची उत्तर त्यांच्या पोटाशी, म्हणजे शुक्र त्यांच्यापुढे उलटा. अक्षरं डोक्यावर उभी दिसायची, पण पलूसची उत्तर शुक्राला लावायची सोडतील ते सुभेदार कसले.

आणि एके दिवशी तो सापडला. भाकरीसारखा गोल, एकटा.

"अगं, तुझं नाव देतोय. शुक्रावरच्या खड्ड्याला."

राहीबाई थबकल्या. "जित्तेपनीच खड्ड्यात घालताय?" म्हणाल्या आणि आत गेल्या. पण त्या दिवशी चहात साखर जास्त होती.

मॅडम आल्या त्या दिवशी सुभेदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला. टेबल भिंतीपासून ओढून घेतलं आणि त्यांना समोरची खुर्ची दिली.

"बरं, नाव काय सुचवायचं?"

सुभेदारांनी घसा साफ केला. "राही."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

मॅडम फोटोकडे बघत राहिल्या. "काका, ही टेकडी आहे."

"मॅडम, मी हिमालयाचे फोटो वाचलेत."

"मग इकडून या, बघा."

सुभेदार टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि खड्डा डोळ्यांदेखत फुगून वर आला. रडारचा झोत फोटोत डावीकडून पडलेला. कागद उलटा धरला की सावल्या बाजू बदलतात, डोळा फसतो, उंचवटा खोल दिसतो आणि खोल भाग उंच. पहिल्या आठवड्यात रंगरुटांना ते हाच धडा द्यायचे. महिन्याची यादी टेकड्यांची झाली होती, आणि खरे खड्डे त्यांनी टेकड्या म्हणून सोडून दिले होते.

मॅडम हसल्या नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

"टेकडीला हे नाव चालत नाही ना?" सुभेदारांनी विचारलं.

"तिथे देवीचं लागतं."

राहीबाई दारात येऊन उभ्या होत्या. माहेर औंधचं, लहानपण टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढण्यात गेलेलं. "मग यमाईचं सुचवा," त्या मॅडमना म्हणाल्या. "तिला उंचावर बसायची सवय हाय."

"तुझं राहिलं की," सुभेदार खाली बघत म्हणाले.

"राहिलं कुठं? घेतलंसा न्हवं आत्ता. लग्नापासनं आजच आयकलं."

दुसऱ्या दिवशी होकायंत्र कपाटात गेलं. टेबल तिथेच राहिलं, खुर्ची पलीकडे गेली. शुक्र सुलटा झाला. यादी पहिल्यापासून. खड्डा नेमका कसा दिसतो ते आता कळत होतं, आणि त्यातला एक कोणाचा हेही ठरलेलं होतं. फक्त काम जरा हळू चाललं होतं, कारण या बाजूने भिंगातून मान वर केली की समोर स्वयंपाकघराचं दार यायचं, आणि दारातून चूल.

"आवं, खाली बघा," भाकरी थापता थापता आतून आवाज आला. "खड्डे तिकडं हाईत."

"हां, राही," सुभेदार म्हणाले आणि तिकडेच बघत राहिले.