मधला दलाल

आमच्या नाशिकच्या ऑफिसातल्या सायखेड्याच्या मॅडम कोड वाचताना शेंगदाणे खातात आणि चूक सापडली की चावायच्या थांबतात. ती कुरकुर थांबली की मी माझ्याच कोडात चूक शोधायला लागतो.

पिंपळगावच्या एका पॅकहाउससाठी सरकत्या पट्ट्यावरच्या द्राक्षांची प्रतवारी करायची होती. मण्याचा आकार मोजणारी, 'सी' भाषेत लिहिलेल्या तयार फंक्शन्सची जुनी लायब्ररी होतीच. प्रतवारीचे नियम वेगाने चालावेत म्हणून मी प्रोग्राम चालता चालता मशीन कोड तयार करणारा जेआयटी लिहिला. पण लायब्ररीला हाक मारताना प्रत्येक मण्याचे आकडे माझं एक मधलं फंक्शन तपासायचं, बदलायचं. पट्टा पुढे, मोजणी मागे. दुसऱ्या दिवशी पॅकहाउसचे मालक बघायला येणार होते.

मॅडम चावायच्या थांबल्या. "हा दलाल कोणाचा?"

"माझा. सुरक्षित आहे, मॅडम."

"लय सुरक्षित हाय. तोवर द्राक्षाचा बेदाणा होईल. दोन्हीकडचे आकडे एकाच साच्यातले, मग बदलतो काय?"

त्यांनी माझं फंक्शन उडवलं आणि लायब्ररीतल्या फंक्शनचा पत्ता थेट जेआयटीच्या कोडमध्ये बसवला. मोजणी पट्ट्याच्या बरोबरीने धावू लागली.

दुसऱ्या दिवशी मालक बघून खूश झाले. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यानं. कसं केलं, विचारा ना!" आणि खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर ऐकायला बसल्या.