सासऱ्यांचा डोळा

माझे सासरे सुतार. घोटीकडच्या एका खेड्यातून करवत घेऊन नाशिकला आले आणि सातपूरला स्वतःचं फर्निचरचं वर्कशॉप काढलं. लग्नानंतर मी तिथंच कामाला लागलो. दहा वर्षांत त्यांनी मला एकदाही शिवी दिली नाही. जावयाला कोण शिवी देणार? मी प्लाय कापला की ते फळी उचलायचे, डावा डोळा मिटायचे, कडेवरून नजर फिरवायचे आणि तोंडाने फक्त 'च्च' करायचे. तेही कारागिरांसमोर. त्या 'च्च'पेक्षा थोबाडीत परवडली असती.

म्हणून मी प्लंज सॉ आणली. ही कटर मशीन ॲल्युमिनियमच्या लांब रेलवरून सरकते. रेल खुणेवर ठेवायची, पातं खाली दाबायचं आणि मशीन ढकलत न्यायची. हात थरथरला, नजर हलली, तरी कट सरळच जातो. आता बघू कसं 'च्च' करतात, असं मनात म्हणत मी पहिल्याच दिवशी आठ फुटी प्लाय मांडला. रेलचे दोन तुकडे एकमेकांना जोडले आणि स्क्रू आवळून टाकले.

सासरे चार हातांवर उभे होते. जवळसुद्धा आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "जावईबापू, तुमची रेल सांध्यात वाकली हाय."

दोन्ही कारागीर माझ्याकडे बघत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, ही कारखान्यातून आलेली वस्तू आहे. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या." ते कारागिरांना घेऊन गेटवरच्या टपरीवर चहाला गेले.

ते गेल्यावर मी सांध्याला सरळ पट्टी लावून पाहिली. रेल खरंच वाकडी होती. दोरा जाईल एवढीच फट, पण होती. जोडताना दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवायचे आणि मगच स्क्रू आवळायचे असतात. मी घाईत नुसतेच आवळले होते. माझ्या हातातली ती पट्टी सागाची होती, सासऱ्यांनी स्वतः रंधून सरळ केलेली. तिलाच टेकवून मी सांधा नीट केला आणि ते परत येईपर्यंत हात पुसून उभा राहिलो.

सगळ्यांसमोर कट मारला. फळी सासऱ्यांच्या हातात दिली आणि कुठं वाकडं आहे ते दाखवा म्हटलं. त्यांनी डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा मिटून पाहिलं. मी तेवढ्यावर सोडलं नाही. कडेला सूत ताणून धरायला लावलं. एक कारागीर हसला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

"चुकलो मी," सासरे म्हणाले. "नजर गेली वाटतं."

बायकोने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. या वयात इतके चांगले डोळे क्वचितच बघायला मिळतात, असं डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. आधी त्यांनी खुणा मारणं सोडलं, मग कापणं. वर्कशॉप माझ्या हातात आलं. खरं काय झालं ते मी बायकोलाही सांगितलं नाही. माझी लाज मला होती, पण जिंकल्याचा आनंद त्या लाजेहून मोठा होता.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी नातीसाठी, म्हणजे माझ्या मुलीसाठी, सागाचा पाट केला. कितीतरी दिवसांनी करवत हातात धरली होती. पाट माझ्यापुढे धरून म्हणाले, "जावईबापू, कड सरळ हाय का बघा. मला आता भरवसा नाय."

मी डावा डोळा मिटला. कड सुतासारखी सरळ होती. सांगून टाकायचं तर तीच वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती दहा वर्षं आठवली आणि माझ्या तोंडून 'च्च' निघालं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

मी मधोमध बोट ठेवलं. त्यांनी रंधा घेतला आणि मान खाली घालून, मी दाखवलं तिथंच, किती तरी वेळ रंधत राहिले. मुलगी रोज त्या पाटावर जेवायला बसते. त्याची कड मधे खोल गेली आहे. मला ती चार हातांवरूनही दिसते.