दारातून दिसणारं पान

गेम्सच्या वेबसाइट बनवणं हा आता माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लहानग्यांसाठी गोल मोठी बटणं, पोरांसाठी काळं पान, कामातून दहा मिनिटं टेकलेल्या बाईसाठी शांत रंग. कोणासाठी काय, हे मला कुठल्या कॉलेजात कळलं नाही. ते आर्णीच्या बसस्टँडमागच्या सायबर कॅफेत कळलं, तेही कान पिळून.

कॅफे एका चाचांचा होता. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे. दुपारी दोन ते चार ही वेळ त्यांनी फक्त मुलींसाठी ठेवली होती. मी बारावीत होते. कॉम्प्युटर क्लासचा सराव म्हणून बाबांनी मला तिथं जाऊ दिलं, पण मोठी माय सोबत बसेल या अटीवर. मोठी माय म्हणजे बाबांची थोरली वहिनी. तिला वाचता येत नव्हतं. माझ्या मागे स्टुलावर बसून, मांडीवर ताट घेऊन ती तुरीची डाळ निवडायची. पडद्याशी तिचं काही देणंघेणं नाही, असं मी धरूनच चालले होते.

सराव कसला, मी गेम खेळायची. माझा जीव गाड्यांच्या शर्यतीवर, आणि शर्यतीच्या वेबसाइट सगळ्या काळ्याकुट्ट. कोपऱ्यात ज्वाळा, वर कवटी, कडेच्या जाहिरातीत चिंधीभर कपड्यातली तलवारवाली बाई. मुलींसाठी म्हणून ज्या होत्या त्या गुलाबी. बाहुलीला लिपस्टिक लावा, बाहुलीला झगा घाला. त्या बाहुलीचा मला असा संताप यायचा!

एका दुपारी बाबा अचानक दारात येऊन उभे राहिले, आणि नेमकी ती तलवारवाली समोर. बाबा कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेतून आले होते. आमची कापसाची गाडी तिथं तीन दिवसांपासून उभी होती.

"लोकाईचे काय हाल होऊन राह्यले, अन् तुमचा हा तमाशा!" ते म्हणाले. "पुन्हा असं दिसलं तर घरीच बसायचं."

कापसाला भाव नसलेल्या त्या वर्षांत आमच्याकडे हसायचीही चोरी होती. खेळायचं तर नावच नको. पण मीही हट्टाला पेटले. क्लासात शिकलेलं पणाला लावून मी एक पान तयार केलं. पांढरंशुभ्र, हिरवी किनार, वर कापसाच्या बोंडाचं चित्र, आणि ठळक मराठी अक्षरात 'बुद्धीला चालना'. ती अक्षरंसुद्धा मी चित्रासारखी काढली होती, कारण त्या कॉम्प्युटरवर मराठी उमटतच नव्हतं. गेम पानाच्या मधोमध चौकटीत उघडायचा आणि कडेची तलवारवाली बाहेरच राहायची. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, कृषी खात्याचं पत्रक आहे. दारात कोणी नसलं की मी खुशाल काळ्या पानावर जायची.

लाइन मंद असली की शर्यत अडखळायची. मग मी एका रंगाचे फुगे फोडायचा गेम लावायची. तेव्हा मागून मोठी माय कापूस वेचायला शिकवल्यासारखी पुटपुटायची, "एका अंगानं वेच. मागं सोडत नसतात."

"माय, तू डाळ निवड ना," मी मान न वळवता म्हणायची.

चारेक महिन्यांनी बाबा पुन्हा आले. या वेळी मला त्यांची चाहूल लागली आणि मी पांढरं पान पुढं आणलं. ते आत आले, वाकले, बोंडाच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे बेस हाय," ते म्हणाले. "याच्यात आजचा भाव दिसते काय?"

मी घाईघाईनं म्हणाले, "नाही बाबा. हे अभ्यासाचं हाय."

"बरं," म्हणून ते गेले. मला स्वतःची फार लाज वाटली. पण शर्यत काही सुटली नाही, हेही खरं.

ते गेल्यावर मोठ्या मायनं ताट खाली ठेवलं. "उद्यापासून मी नाही येत."

ती नाही तर कॅफेही नाही. "काहून? बाबाले सांगशीन काय?"

"सांगायचं असतं तर कवाच सांगतलं असतं. त्याच्यासाठी हे पांढरं केलं. तुह्यासाठी ते काळं हाय. अन् मी इतके महिने झाले इथंच बसून राह्यली. माह्यासाठी काय हाय?"

जो वर्षातून दोनदा दारात येणार, त्याच्या नजरेचा मी इतका विचार केला होता. जिनं रोज माझी पाठ राखली, तिच्याकडे मी मान वळवून पाहिलंसुद्धा नव्हतं. आजही कामावर कोणी विचारलं, की ही वेबसाइट नक्की कोणासाठी, तर मला आधी ते स्टूल दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला अक्षरशः हातापाया पडून आणलं. शर्यत सोडून तिच्या पानाला लागले. ते पूर्ण व्हायला तीन दुपारी गेल्या. पानावर एकही अक्षर नव्हतं. मधोमध रंगीत फुगे, खाली हिरवं मोठं बटण, बास.

मोठी माय पडद्याकडे वाकली. मग तिनं ताट स्टुलाखाली सरकवलं, पदराला हात पुसले आणि मला कोपरानं ढोसलं.

"सरक," ती म्हणाली.