चांदाच्या पेटीतला जिवखडा

दादाला अग्नी मीच दिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सेलूला शाळंत मास्तर होता. त्याला लेकरूबाळ न्हाई, घरात दुसरा गडी म्हणून मीच, वालूरचा अंगठाबहाद्दर. आमच्या मायच्या पोटात जेवढी अक्कल होती तेवढी दादा आधी येऊन घेऊन गेला. माझ्या वाट्याला खरवड बी उरली नव्हती.

मडकं खांद्यावर घेऊन मी चितेभोवती फिरलो. मागून एकजण दगडानं मडक्याला भोक पाडत होता. त्या दगडाला जिवखडा म्हणतेत. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या दगडात राहतो, असं आपल्यात मानतेत. रोज त्याच्यावर तीळपाणी घालायचं आन् दहाव्याला नदीत सोडायचा. क्रिया सांगणाऱ्या महाराजांनी तो माझ्या उपरण्याच्या टोकाला बांधला. म्हणले, "जपा. आता हेच तुमचे दादा."

दादाला जित्तेपणी मी कवा जपलं न्हाई, तर आता लागलो जपायला. दादाच्या घरी आलो. दगडाला मडक्याची लाल माती लागलेली होती. मला वाटलं, दादा लय टापटिपीचा माणूस, त्याला असं मळकं ठेवावं का? म्हणून नळाखाली चोळून चोळून धुतला. मग ठेवावा कुठं? घरात न्यायचा न्हाई, आन् बाहेर मांजर तोंड लावंल. ओसरीत फळीवर दादाची एक पत्र्याची पेटी होती. आत सगळे दगडच. मी म्हणलं, दगडाला दगडाच्या पेटीवाणी जागा न्हाई. टाकला आत, लावलं झाकण, आन् स्वतःवरच खुश होऊन झोपलो.

ती चांदाची पेटी होती. चांदावरचा दगड कसा झाला ते दादा पोरांना त्या पेटीवरून शिकवायचा. खरा चांदाचा दगड त्याच्यात एक बी नव्हता, सगळे सेलू-वालूरचेच. मी शाळंत गेलो न्हाई, पण त्याच्या ओसरीत तंबाखू मळत बसून तेवढा एक धडा मी पोरांपेक्षा जास्ती बारीला ऐकला.

दादा म्हणायचा, चांद आधी सगळा वितळलेला होता, गुळाच्या काहिलीवाणी रटरटायचा. काहिलीत मळी कशी वर येती? तसा हलका, पांढुरका माल वर तरंगला आन् तिथंच थिजला. चांद उजळ दिसतो तो त्याच्यानं. जड माल खाली बसला. मग वरून मोठमोठे धोंडे येऊन आदळले, खड्डे पडले. लय काळानं खालून काळा रस वर आला आन् खड्ड्यात भरून थंड झाला. ते काळे डाग. "आन् तो काळा दगड म्हणजे आपल्या हिरीत लागतो तसलाच," असं म्हणून दादा पेटीतला काळा दगड पोरांच्या हातात द्यायचा. आपली जमीन बी एकदा अशीच आगीचा रस होऊन वाहिली, थरावर थर बसला. पांढऱ्यासाठी त्यानं एक गारगोटी ठेवली होती. धोंड्याच्या माराखाली चुरा होऊन परत चिकटलेला दगड दाखवायला पडक्या स्लॅबचा तुकडा होता. आन् मारानं वितळून काच बनती ती दाखवायला भट्टीतली जळून काच झालेली ईट.

एकदा मी इचारलं, "मग चांदावर कापूस का येत न्हाई?"

"पाणी न्हाई, हवा न्हाई," दादा म्हणला. "आपला दगड पाण्यानं गंजतो, मऊ होतो, मुरूम होतो, मग माती. तिथला दगड झिजत न्हाई. नुसता मार खातो आन् फुटतो. त्याची धूळ बी काचंवाणी टोकदार."

"म्हणजे माझ्यावाणी," मी म्हणलं. "मार खाल्ला, पण सुधारलो न्हाई." पोरं हसली. दादा हसला न्हाई. ल्हानपणी त्यानं मला मारलं होतं ते त्याला आठवलं असंल.

तर सकाळी तीळपाण्याला महाराज आले. मी पेटी उघडली आन् गारठलोच. आत मूठभर काळे दगड. पोरं एखादा खिशात घालून न्यायची, म्हणून दादा काळे जादा ठेवायचा. त्या सगळ्यात माझा दादा.

"कोणता?" महाराज म्हणले.

"काळा," मी म्हणलं.

वैनी दारात उभी होती. ती रडत बी न्हाई, वरडत बी न्हाई. पेटीकडं बघून म्हणली, "भाऊजी, तुमाला एवढं एक काम दिलं होतं."

मी खाली बसून निवडायला लागलो. दादाचाच धडा कामाला आला. चांदासाठी दादा हिरीतून नवा फुटलेला दगड आणायचा, धारदार कडांचा, न गंजलेला. जिवखडा नदीतला, पाण्यानं गुळगुळीत झालेला. धारदार होते ते बाजूला काढले. शेवटी दोन राहिले. दोन्ही काळे, दोन्ही गुळगुळीत. एक नदीच्या पाण्यानं झिजलेला. दुसरा पोरांच्या हातानं. दादाची सगळी नोकरी तोच दगड बाकाबाकावरून फिरला होता.

पाणी लावून बघितलं. दोन्ही सारखेच चमकले. फोडून बघावं तर दादाच्या डोक्यात हातोडा. लाल माती असती तर कळलं असतं. ती मी चोळून चोळून धुतली होती.

"शास्त्रात जिवखडा एकच असतो," महाराज म्हणले.

"मग शास्त्रालाच इचारा ना, कोणता ते." माझ्या तोंडातून जायला नको होतं ते गेलं. कोणी हसलं न्हाई.

तवापासून दोन्हीवर तीळपाणी पडायलं. गल्लीत मला म्हणायचे, "काय हो, तुमचे दोन्ही दादा बरे हायत का?" मी बी म्हणायचो, "एक मुका हाय, दुसरा बोलत न्हाई." वैनीला ते आत ऐकू जायचं. तिचं जेवण सुटलं होतं. दुपारी ती ओसरीत येऊन त्या दोघांपुढं बसायची. एकदा म्हणली, "शाळंचा तेवढा ठेवला असता. त्यांच्या हाताचा होता." मी म्हणलं, "एक ठेवू की मग." तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, का मी उठून उभाच राहिलो.

"आन् चुकीचा ठेवला तर? तिकडं शाळंचा वाहून जाईल, आन् हे जलमभर पेटीत कोंडून राहतील माझ्यासंगं. न्हाई. दोन्ही सोडायचे."

दहाव्याला दुधना नदीवर गेलो. वैनी बी आली. बायामाणसं येत न्हाईत, पण तिला कोण सांगणार? महाराजांनी मंतर म्हणले. मी पहिला दगड फेकला, लांब धारंत गेला, डुबुक झालं. दुसरा हातात घेतला तर वैनी पुढं आली.

"एवढा मी सोडते."

महाराजांनी दुसरीकडं बघितलं. तिनं दगड दोन्ही हातात धरला, पदरानं पुसला, आन् फेकला. दहा दिवस पोटात अन्न न्हाई, हातात जोर कुठून येणार? दगड काठालाच पडला, गुडघाभर पाण्यात. खाली पडलेला दिसत होता.

"भाऊजी, आत ढकला त्यांना," वैनी म्हणली. आवाज फाटलेला. "असं काठाला नका ठेवू."

मी धोतर खोचून आत गेलो. पाय पडला तसा गाळ उठला, पाणी गढूळ झालं. हात घालून चाचपलं. खाली नदीचा सगळा तळ तसल्याच दगडांचा. काळे, गुळगुळीत, हाताला सारखेच. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. माझ्या पाठीवर वैनीची नजर होती ते मला कळत होतं.

मग जो हाताला आला तो घेतला, लय जोर लावून मधल्या धारंत फेकला.

"तेच होते ना?" वैनीनं इचारलं.

"तोच, वैनी," मी म्हणलं. "ओळखला मी."